फोन आमचा, झडतीही आम्हाला विचारूनच

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मोबाइल फोन बनवणाऱ्या आणि त्यांची प्रणाली चालवणाऱ्या कंपन्या ग्राहकाचे खासगी फोटो आणि संदेश यंत्राकडून तपासून घेऊ लागल्या, तेव्हा जगभरच्या ग्राहकांनी त्याला वेळोवेळी कडाडून विरोध केला. आपल्याकडे मात्र, विशेषतः मोठ्या शहरांबाहेर, हा संगणकवाल्यांचा आपसातला वाद समजून सोडून दिला जातो. मी वेंगुर्ल्यात औषधांचे दुकान चालवते आणि या वादाचा संबंध थेट माझ्या काउंटरशी येतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सिंधुदुर्गात तज्ज्ञ डॉक्टरांची वानवा आहे. आजार जरा गुंतागुंतीचा झाला की माणसे गोव्यातले बांबोळी किंवा कोल्हापूर गाठतात, आणि एकदा तिथे दाखवून आल्यावर पुढचा सल्ला बहुधा फोनवरूनच घेतला जातो. केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनविषयक मार्गदर्शक सूचनांनी या पद्धतीला मान्यताही दिलेली आहे. बाळाच्या जांघेत पुरळ उठले, सुंता झालेल्या मुलाची जखम चिघळली, बाळंतिणीच्या छातीत गाठ आली, म्हाताऱ्या वडिलांना पाठीला अंथरुणाने जखमा झाल्या, की घरचे फोटो काढतात, डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर पाठवतात आणि उत्तरादाखल आलेली औषधाची चिठ्ठी त्याच फोनवर मला दाखवतात. चिठ्ठी शोधताना बोट सरकते आणि ते सगळे फोटो माझ्याही नजरेस पडतात. मी नजर वळवते, कारण त्या फोटोंवर माझा काही हक्क नाही. कंपनीच्या यंत्राने मात्र नजर वळवावी असे कोणी सांगितलेले नाही.

ही भीती काल्पनिक नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात एका वडिलांनी आपल्या लहान मुलाच्या गुप्तांगाला आलेल्या सुजेचे फोटो काढले. व्हिडिओवरून तपासणी होण्याआधी फोटो पाठवा, असे दवाखान्याकडूनच सांगण्यात आले होते. ते फोटो त्यांच्या अँड्रॉइड फोनमधून आपोआप गुगलच्या साठवणीत गेले, तिथल्या यंत्राने ते बालकांच्या लैंगिक शोषणाचे ठरवले आणि दोनच दिवसांत त्या गृहस्थांचे खाते बंद झाले. वर्षानुवर्षांचे ईमेल, मुलाच्या जन्मापासूनचे फोटो, संपर्क आणि फोन नंबरसुद्धा गेला. पोलिसांनी चौकशी केली आणि गुन्हा घडलेला नाही असा निष्कर्ष काढला. तरीही कंपनीने खाते परत दिले नाही, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ही हकीकत अमेरिकेतील एका प्रमुख वृत्तपत्राने उजेडात आणल्यावरही कंपनी आपल्या निर्णयावर ठाम राहिली. त्या वडिलांनी जे केले तेच आमच्याकडच्या आया रोज करतात. फरक इतकाच, की आमच्याकडच्या बाईने अपील करायचे म्हटले, तर ते कोणत्या भाषेत, कोणाकडे आणि कोणत्या पत्त्यावर करायचे हेच तिला कळणार नाही.

ही तपासणी फोटो कंपनीच्या साठवणीत गेल्यानंतर झाली होती. तीच फोनच्या आत आणण्याची योजना अॅपलने ५ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केली. बालशोषणाच्या आधीच ठाऊक असलेल्या प्रत्येक फोटोचा एक डिजिटल ठसा तयार करायचा, अशा ठशांची यादी अमेरिकेतील बेपत्ता व शोषित बालकांसाठीच्या राष्ट्रीय केंद्रासारख्या संस्थांकडून घेऊन ती आयफोनमध्येच ठेवायची, आणि ग्राहकाचा फोटो आयक्लाउड या कंपनीच्या साठवणीत जाण्यापूर्वी त्याचा ठसा त्या यादीशी जुळवून पाहायचा, अशी ती रचना होती. सुमारे ३० फोटो जुळल्याशिवाय कोणीही माणूस ते पाहणार नाही, असेही कंपनीने सांगितले होते. सुरुवात फक्त अमेरिकेत होणार होती. हेतू चांगला होता आणि रचना विचारपूर्वक केलेली होती, हे मान्य करायला हवे. तरीही ग्राहक, संगणकतज्ज्ञ आणि नागरी हक्कांच्या संघटना खवळून उठल्या. नव्वदहून अधिक संघटनांनी कंपनीला खुले पत्र लिहिले. त्याच महिन्यात संशोधकांनी फोनमधील ती ठसे काढणारी प्रणाली शोधून काढून, पूर्णपणे वेगळ्या दोन चित्रांचा ठसा एकच येऊ शकतो हे दाखवून दिले. ही अंतिम आवृत्ती नव्हे, असे कंपनीचे म्हणणे होते. पण ३ सप्टेंबरला तिने योजना पुढे ढकलली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती सोडून दिली.

या विरोधाचा गाभा नीट समजून घेतला पाहिजे, कारण 'मुलांच्या संरक्षणाला विरोध करणारी माणसे' असे म्हणून तो उडवून लावणे फार सोपे आहे. आक्षेप त्या यादीतल्या फोटोंबद्दल नव्हता. आज यादीत शोषणाचे फोटो आहेत, पण उद्या एखाद्या सरकारने आंदोलनाचे फलक किंवा नावडते व्यंगचित्र त्यात घालायला सांगितले, तर यंत्र तितक्याच इमानाने तेही शोधून देईल आणि यादीत काय आहे हे ग्राहकाला कधी दिसणार नाही, हा तो आक्षेप होता. चिऱ्याचे घर बांधून देणारा गवंडी, घर ताब्यात दिल्यावरही चोरी रोखण्याचे कारण सांगून आमच्या ट्रंका उघडू लागला, तर चोर पकडला जावा ही आमची इच्छा असूनही आम्ही त्याला दारातच थांबवू.

आपला कायदा या बाबतीत कडक आहे आणि तो तसाच असावा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले, की बालकांच्या लैंगिक शोषणाची दृश्ये नुसती बाळगणे हाही पॉक्सो कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. या निकालाचे मी मनापासून स्वागत करते. परंतु गुन्हा जितका गंभीर, तितकी त्याचा संशय घेणारी व्यवस्था अधिक जबाबदार असायला हवी. अशा आरोपाची नुसती कुजबुज जरी वाडीत पसरली, तरी निर्दोष माणसाला पुढे तोंड दाखवणे अशक्य होते, आणि पोलिसांनी निर्दोष ठरवल्याचे वाडीपर्यंत क्वचितच पोहोचते.

दुसरी गोष्ट गुपचूपपणाची. फेब्रुवारी २०२५ च्या सुमारास असंख्य अँड्रॉइड ग्राहकांना आपल्या फोनमध्ये सेफ्टीकोर नावाचे एक नवे अॅप आपोआप येऊन बसल्याचे आढळले. नग्न चित्र ओळखून ते धूसर करण्याच्या सोयीसाठी ते होते. काम फोनमध्येच होते, कंपनीला काहीही कळवले जात नाही, असा खुलासा गुगलने केला. तो खुलासा मी खरा धरून चालते. तरी प्रश्न उरतोच, की सोय इतकी निर्धोक होती, तर ती बसवण्याआधी एक ओळ लिहून परवानगी का मागितली नाही? ग्राहकांच्या संतापाचे मूळ त्या अॅपच्या कामात फारसे नव्हते. न विचारण्यातच ते जास्त होते.

कोकणात तर परवानगीचा प्रश्न आणखी अवघड आहे. इथले कित्येक फोन मुंबईकर चाकरमान्यांनी गणपतीला येताना आईवडिलांसाठी आणलेले, त्यांचे स्वतःचे जुने फोन आहेत. त्यातले खाते डोंबिवलीच्या किंवा विरारच्या मुलाच्या नावाचे असते. सगळ्या अटींना 'मान्य' म्हणणारे बोट त्याचे, आणि फोटो मात्र गावच्या आईचे, शेजारणीचे, नातवाचे. सातबारा, होडीची कागदपत्रे, रेशनकार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी हे सगळे त्याच एका खात्यावर लटकलेले असते. ते खाते एका चुकीच्या संशयाने बंद पडले, तर दोन घरांचे व्यवहार एकदम ठप्प होतील.

'लपवण्यासारखे काही नसेल तर घाबरता कशाला,' असे अनेक सुशिक्षित माणसेही विचारतात. गुप्तांगाचा आजार हा अपराध नाही, तरी तो लपवण्यासारखाच असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, तेव्हा तो फक्त गुपिते असणाऱ्यांसाठी आहे असे म्हटले नव्हते.

आपल्याकडच्या ग्राहकांचा आवाज चालतो, हेही नुकतेच दिसले आहे. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्व नव्या फोनमध्ये 'संचार साथी' अॅप आधीच बसवण्याचा आदेश कंपन्यांना दिला. बातमी फुटताच देशभर एवढा गदारोळ झाला, की ३ डिसेंबरला सक्ती मागे घ्यावी लागली. हरवलेला फोन शोधण्यासाठी ते अॅप उपयोगी आहे आणि ज्यांना हवे त्यांनी ते जरूर घ्यावे. सक्ती गेली, एवढेच योग्य झाले. सरकारबाबत जी तत्परता आपण दाखवली, ती कंपन्यांबाबत का दाखवत नाही, हे मला कळत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मात्र कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. माहिती वापरण्याआधीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. हा मधला काळ ग्राहक संघटनांनी वाया घालवू नये. फोनच्या आतच होणाऱ्या तपासणीलाही हा कायदा लागू आहे, हे सरकारने निःसंदिग्ध शब्दांत सांगावे. माहिती फोनबाहेर जात नाही, ही सबब पुरेशी मानू नये. तपासणी सुरू करण्यापूर्वी सोप्या मराठीत विचारावे आणि नकार दिला तरी फोनच्या इतर सोयी चालू राहाव्यात. संशयावरून खाते बंद केल्यास कारण कळवावे, जिवंत माणसाकडे मराठीत दाद मागण्याची सोय असावी, आणि पोलिसांनी निर्दोष ठरवल्यावर ठरावीक मुदतीत खाते सगळ्या फोटोंसह परत मिळावे. ही शेवटची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या वडिलांना नेमके तेच मिळाले नाही.

तोवर, ज्या घरांत आजाराचे फोटो काढावे लागतात त्यांनी गुगल फोटोजच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅकअप बंद आहे का, निदान व्हॉट्सअॅपच्या फोटोंचा तरी बंद आहे का, हे पाहून घ्यावे, आणि उपचार संपल्यावर ते फोटो ट्रॅशमधूनही काढून टाकावेत. ज्यांना हे जमत नाही त्यांना मी दुकानात करून देते. जिल्ह्यातल्या इतर औषधविक्रेत्यांनी आणि मोबाइल दुरुस्ती करणाऱ्यांनीही ते करून द्यावे, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक औषधविक्रेती वाचक
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग