काकू चार वेळा आल्या, मग का थांबल्या

मिरज, ९ नोव्हेंबर

प्रिय सुनील,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई ठणठणीत आहे, स्प्रिंग बसवली, आता काळजी नाही." तू कंपनीच्या बसमध्ये होतास, म्हणून मी विषय वाढवला नाही. पण तेव्हापासून चैन पडत नाही.

तुझ्या आईला, म्हणजे काकूंना, अँजिओप्लास्टीनंतर आमच्या दवाखान्यात हृदयाच्या व्यायामाला आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे यायचं होतं. चोवीसपैकी चार वेळा आल्या. असं कुणी थांबलं की मी 'पेशंट इच्छुक नाही' असा शेरा मारून फाईल बंद करायचो. कितीतरी वर्षं हेच केलं, आणि त्याचं आज मला फार वाईट वाटतं. या वेळी काकू होत्या म्हणून रविवारी उठून तुमच्या मळ्यात गेलो.

दादा द्राक्षबागेत होता. ऑक्टोबर छाटणी झालेली, त्यात ढगाळ हवा, डाउनी रोगाच्या धास्तीनं फवारणीला खंड नाही. त्यानं हातातलं काम टाकून काकूंना मोटारसायकलवर फाट्यावर सोडायचं, तिथून तासगाव, तिथं एसटी बदलून मिरज. तासाभराच्या व्यायामाला आख्खा दिवस जातो. तोवर म्हशीची धार, नातवंडांचे डबे वहिनींच्या एकटीच्या गळ्यात. काकू मला म्हणाल्या, "माझ्यापायी घर खोळंबतंय रे, बरं नाही वाटत." हे त्या तुला कधीच सांगणार नाहीत.

पैशाचंही तसंच. स्टेंटच्या, म्हणजे त्या स्प्रिंगच्या, किमतीला सरकारनं २०१७ मध्ये लगाम घातला, काकूंची अँजिओप्लास्टी तर सरकारी योजनेतच झाली. पण नंतरच्या तीन महिन्यांची तिकिटं आणि बुडालेला रोज कोण देतं? मेडिक्लेमवालेही बहुतेक वेळा दाखल झालेल्यालाच पैसे देतात. अर्थात नुसत्या पैशानंही भागत नाही. अमेरिकेत मेडिकेअर ही मुख्यतः वृद्धांसाठीची सरकारी विमा योजना अशा व्यायामाच्या ३६ सत्रांचा बराचसा खर्च उचलतं, तरी ज्यांनी जायला हवं त्यातले जेमतेम पाव लोक जातात. बायका आणखी कमी. मुळात त्यांना पाठवलंच कमी जातं.

आणि आम्ही तरी कसं सांगतो? डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीखाली, इंग्रजीत, एक ओळ. दारावर पाटी 'हृदय पुनर्वसन केंद्र'. आपल्याकडं पुनर्वसन म्हटलं की कोयना आणि वारणेचे धरणग्रस्तच आठवतात. एका आजोबांनी मला विचारलं होतं, "आमची जमीन कुठं बुडालीया, मग आमचं कसलं पुनर्वसन?" त्यांना कुणी नीट समजावलंच नव्हतं. ज्या डॉक्टरांनी नस मोकळी केली त्यांनी स्वतः, खुर्ची ओढून, "हे गोळीइतकंच गरजेचं आहे" असं ठासून सांगितलं की माणूस येतो. इतकं दुसऱ्या कशानंही येत नाही.

मी हट्ट का धरतोय तेही ऐक. ८५ अभ्यास आणि २३ हजारांहून जास्त रुग्णांचा एकत्र आढावा २०२१ मध्ये आला. व्यायामाच्या अशा कार्यक्रमानं हृदयविकारानं होणारे मृत्यू, पुन्हा येणारा झटका, पुन्हा दाखल होणं, तिन्ही कमी होतात. आपल्या देशातही २४ रुग्णालयांत ३,९५९ जणांवर योगाचा प्रयोग झाला. मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्यात ठाम फरक दिसला नाही, पण माणसं आपल्या रोजच्या कामाला अधिक चांगली लागली. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण काकू कामाला लागलेल्याच नाहीत. कळशी उचलत नाहीत, जिना चढत नाहीत. रात्री डाव्या कुशीवर झोपत नाहीत, "स्प्रिंग दबेल" म्हणून. शेजारपाजारच्या बायका येऊन "आता फक्त आराम करा" असं सांगून जातात. तुम्ही ज्याला ठणठणीत म्हणता ते बसून राहणं आहे, सुनील. आतून त्या घाबरलेल्या आहेत.

मी त्यांना हाताला धरून मारुतीच्या देवळापर्यंत नेलं. गोळीमुळं त्यांची नाडी फारशी वाढत नाही, म्हणून नाडी मोजत बसायचं नाही. चालताना बोलता आलं पाहिजे, पण अभंग म्हणता येत असला तर चाल वाढवायची. परतताना बोलता बोलता मध्येच थांबल्या. मला वाटलं, दम लागला. तर चपलेचा अंगठा तुटला होता. म्हणाल्या, "दवाखान्यात सगळ्यांच्या पायात बूट, मी साडीवर चपला घालून त्या पट्ट्यावर. लाज वाटायची." चार वेळा माझ्यासमोर चालल्या, आणि मी एकदाही पायांकडं बघितलं नाही.

आता असं ठरवलंय. रोज सकाळी देवळापर्यंत, नीट देखरेख असली तर घरचा व्यायामही दवाखान्यातल्याइतकाच लागू पडतो. दर गुरुवारी मी फोन करीन. महिन्यातून एकदाच मिरजेला यायचं, तेही बाजाराच्या दिवशी, दादाची फेरी असेल तेव्हा. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबायचं आणि मला कळवायचं, हे वहिनींनाही सांगून आलोय.

शनिवारी येतोयस ना? येताना काकूंना बूट आण. मी कागदावर पाऊल काढून माप घेतलंय, सहा नंबर बसेल. पुढून रुंद बघ आणि पट्टीचे घे, नाडी बांधायला वाकलं की त्यांना भीती वाटते. रंग काळा, त्यांनीच सांगितलाय.

तुझा,
श्रीकांत