सरांनी शब्बाथ शाळा सोडली

प्रिय सुमे,

सप्रेम सलाम.

सरांनी शब्बाथ शाळा सोडली, आपली चर्चमधली मुलांची रविवारची शाळा. फोन केला नाही, कारण फोनवर तू आधी ओरडतेस आणि मग ऐकतेस. तुझ्या भावाकडून कळायच्या आत माझ्याकडून कळावं म्हणून लिहायला बसले. तो सांगेल त्यात मी सरांना हाकलून दिलेलं असेल. तसं नाही. अगदीच तसं नाही असंही नाही.

तब्येत बरी आहे. ह्यांची शुगर जिथल्या तिथं. झालं.

आता पहिल्यापासून. पाळकसाहेबांनी कमिटीत शब्बाथ शाळेची सुपरिंटेंडेंट म्हणून माझं नाव घातलं तेव्हा सगळ्यांचे हात एकदम वर गेले. एवढी एकी आपल्या चर्चच्या मंडळीत कबरस्तानाच्या भिंतीवरूनसुद्धा झाली नव्हती. रजिस्टर हातात आलं तेव्हा कळलं की कागदावर शिक्षक नऊ आणि दर रविवारी येणारे चार. बाकीच्यांना विचारलं तर कुणी खरं बोलेना. शेवटी आपल्या नर्सबाईंनी सांगितलं. वर्ग भरतो भक्तीच्याच वेळी. म्हणजे शिकवणाऱ्याने वर्षभर एक संदेश ऐकायचा नाही, पहिल्या रविवारी प्रभूभोजनाला धावत यायचं आणि धावत परत जायचं, आणि वर कुणीतरी म्हणणार, "मुलांचा आवाज फार येतो हो आत." मी पाळ्या लावल्या. तीन रविवार वर्ग, चौथा रविवार आत बसून भक्ती. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून पाठाची तयारी, चहा माझ्याकडे. गेलेल्यांपैकी दोघी परत आल्या.

माणसं मिळत नाहीत असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. माणसं भरपूर येतात गं. पण ज्यांना माईक हवा असतो त्यांना मुलं नको असतात. एकाने तर पहिल्याच भेटीत विचारलं, नाताळच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन कोण करणार? आणि ज्याला मी मागच्या बाकावरून ओढून आणला तो रिक्षावाला. आठवडाभर शाळेची पोरं ने-आण करतो, त्यामुळे सात वर्षांचं पोर कधी रडणार आणि कधी मारणार हे त्याला दोन मिनिटं आधी कळतं. दावीद आणि गल्याथ सांगताना गल्याथाची उंची दाखवायला तो वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चला लागून असलेल्या खोलीतल्या, बाकावर चढला, आणि बालवर्गातलं एकही पोर जागचं हललं नाही. कमिटीतले एकजण म्हणाले, "बी.एड. झालेलं कुणी नाही का?" बी.एड. झालेल्या बाई आहेत की. त्यांना रविवारी झोप हवी असते, आणि त्यांचंही बरोबरच आहे.

मोठ्या वर्गाचं दुखणं वेगळं. दहावीपासून पुढची पोरं गळतात, कारण क्लासची टेस्ट सिरीज रविवारी सकाळी. सर दरवर्षी रॉबर्ट रेक्सची गोष्ट सांगायचे ना, 1780 सालचं ग्लॉस्टर, वर्तमानपत्रवाला माणूस, आणि आठवड्याचे सहा दिवस कामाला जुंपलेली पोरं. रविवारच तेवढा मोकळा म्हणून रविवारची शाळा. आता रविवारही मोकळा नाही. हे मी सरांना बोलून दाखवलं तर खळखळून हसले होते. तेव्हा आमचं बरं चाललं होतं. आणि जी येतात ती इंग्रजी माध्यमातली. 'नीतिसूत्रे उघडा' म्हटलं की पुस्तकभर बोट फिरवत विचारतात, प्रॉव्हर्ब्स का?

आता मूळ गोष्ट. मी कमिटीपुढे नियम ठेवले. एका वर्गात दोन मोठी माणसं, एकट्याने वर्ग घ्यायचा नाही. वेस्ट्रीच्या दाराला काच. सहा महिने मंडळीत नियमित येत असल्याशिवाय नव्या माणसाला वर्ग नाही. कुणीही एकट्या मुलाला गाडीवरून एकट्याने न्यायचं नाही. हात उगारायचा नाही. आणि मुलाच्या बाबतीत काही वावगं कळलं तर आधी कमिटी, मग पाळक, मग 'बघू' असं नाही, सरळ पोलीस. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, 2012 चा, लागू झाला 14 नोव्हेंबरला, बालदिनालाच. ठाऊक असून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं झाकलं तर वर्षापर्यंत. हे वाचल्यावर सेक्रेटरींनी पहिल्यांदा चष्मा काढला. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर मी प्रत्येक वर्गात मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवला. त्यावरही कुरकुर झाली, भिंतीचा रंग जातो म्हणून.

छडीचं सरांनी सोसलं. एकदाच नीतिसूत्रांतलं वचन काढलं, मी म्हटलं शाळांतसुद्धा 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मारायला बंदी झालीय, तर म्हणाले, बरं बाई. (तुझ्या पाठीत बसलेल्या पट्टीचा हिशेब मात्र कधीच लागायचा नाही. ती पट्टी माझ्यासाठी होती आणि तू मध्ये वाकलीस, हे तू आजवर मला ऐकवतेस.)

अडलं ते गाडीवर. केडगावची दोन भावंडं आहेत, बाप नाही, आई रविवारीही कामाला. सर त्यांना स्कूटरवरून आणतात आणि सोडतात. जसं आपल्याला लूनावरून सोडायचे, तू पुढे, मी मागे, आणि पेट्रोल संपलं की तिघं चालत. थोरला आजारी पडला तर धाकटीला एकटीला आणायचं नाही, एवढंच मी म्हटलं. सर उभे राहिले. टोपी हातात घेतली. "म्हणजे तुझा माझ्यावर संशय आहे?"

मी म्हटलं, सर, नियम तुमच्यासाठी नाही. उद्या तुमच्या जागी येणारा म्हणेल, सर न्यायचे की, मग मला का अडवता? तेव्हा मी काय सांगू? हे मी पाठ करून गेले होते, आणि बरंही म्हटलं. पण मग ते म्हणाले, "इतकी वर्षं आपल्या मंडळीत कधी काही झालंय का? एक उदाहरण सांग."

सुमे, माझ्याकडे उदाहरण होतं.

दिवाळीच्या सुटीतलं ते शिबिर. गाणी शिकवायला आलेला पाहुणा. मुलींच्या खोलीला आतून कडी नव्हती, म्हणून दुसऱ्या रात्री आपण दाराला तुझी ट्रंक लावली आणि वर मी बसले. आपण त्यावर कधीच बोललो नाही. तुझ्या लग्नाच्या आदल्या रात्री तू सुरुवात केलीस, मी मेंदी सुकलीय का ते बघते म्हणून उठले. त्या पाहुण्याला स्टेशनवरून आणायला सरच गेले होते. त्याच्या पेटीचं ओझंही त्यांनीच उचललं होतं. सरांना काही ठाऊक नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. म्हणूनच तोंड उघडेना. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, ज्याने आपल्याला बाराखडीपासून वाचायला शिकवलं, त्याला मी काय सांगणार होते, की तुमच्याच भरवशावर आम्ही तिथे होतो?

मी गप्प राहिले. सरांना वाटलं, उदाहरण नाहीच.

पुढच्या रविवारी राजीनामा आला. तेच अक्षर, तोच तिरका 'श'. 'प्रकृतीच्या कारणास्तव'. कमिटीत वाचला तर दोघी रडल्या, एकाने माझ्याकडे बघून घसा खाकरला, आणि पाळकसाहेब म्हणाले, सरांपुरता अपवाद करता येईल का? मी नाही म्हटलं. आत्ताही नाहीच म्हणेन. पाळकसाहेब तरुण आहेत, त्यांना सगळे खूश हवे असतात. अजून दोन बदल्या झाल्या की समजेल.

केडगावच्या भावंडांसाठी रिक्षा ठरवली आहे. आपलाच रिक्षावाला, पण सोबत नर्सबाई बसते. भाड्याला महिला मंडळाने हात दिला. त्याच बायका सरांच्या घरी डबा घेऊन जातात आणि माझ्याविषयी काय काय बोलतात ते मला डब्यासकट कळतं. मोठा वर्ग सध्या मीच घेते. परवा एका मुलाने विचारलं, सर कधी येणार? मी म्हटलं, तूच जाऊन विचार. गेला पठ्ठ्या. सरांनी त्याला लिमलेटची गोळी दिली आणि स्तोत्र म्हणून घेतलं. मला निरोप काही नाही.

आणि हो, तू म्हणशील तुला सत्ता गाजवायची हौस पहिल्यापासून. नाताळच्या नाटकात तुला मरीया केलं आणि मला मेंढी, तेव्हा कुठे गेली होती माझी सत्ता? दोन ओळी होत्या मला, दोन्ही 'बें'.

तुझं कसं चाललंय? लेकीच्या ॲडमिशनचं काय झालं, सासूबाईंचा गुडघा, ती नवी नोकरी, सगळं सविस्तर लिही. मी नीट वाचेन, आज माझंच फार झालं.

मे महिन्यात व्हीबीएस आहे, मुलांची सुटीतली बायबल शाळा. मला सकाळच्या सत्राला माणूस हवाय, आणि तू येतेस हे मी शिक्षकांच्या यादीत आधीच लिहून ठेवलंय, नियमाप्रमाणे सहा महिन्यांचं काय ते आपण बघू, तुझा भाऊ लिहून देईल. (देणार नाही. त्यालाच आधी नियम दाखवावा लागेल.) म्हणजे तू शिकवायला नाही, चहाला आणि हजेरीला. चालेल ना?

आल्यावर सरांना भेट. मी पाठवलं असं सांगू नकोस. मुख्य विचारायचंय ते वेगळंच. शिबिराचं त्यांना सांगायचं का? मला कधी वाटतं, सांगितलं तर त्यांना नियम कळेल. कधी वाटतं, नियम कळेल आणि त्याखेरीज त्यांच्याजवळ काही उरणार नाही. पण ती गोष्ट माझ्या एकटीची नाही, म्हणून तुझ्याशिवाय तोंड उघडणार नाही. हो किंवा नाही, एवढंच कळव. पोस्टाने. व्हॉट्सॲपवर नको, तुझा फोन तुझी लेक वाचते.

तुझी,
मार्था