माथेरानच्या पायवाटांचं पाणी काढून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माथेरानबद्दल पेपरात काही आलं की ते मिनी ट्रेनबद्दल असतं, नाहीतर ई-रिक्षा, घोडेवाले आणि गाड्या जिथे सोडाव्या लागतात त्या दस्तुरीच्या पार्किंगबद्दल. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा बंद करायला सांगितल्या, तेव्हाही पुष्कळ लिहून आलं. निर्णय योग्यच होता, उशिरा झाला एवढंच. पण या सगळ्या चर्चेत एक गोष्ट धरूनच चाललेली असते, ती म्हणजे माणूस माथेरानात दस्तुरी नाक्यावरूनच शिरतो. डोंगराच्या चारी अंगांनी वर येणाऱ्या पायवाटा आहेत आणि त्या दर पावसाळ्यात थोड्या थोड्या वाहून जात आहेत, याची बातमी माझ्या वाचनात कधी आली नाही. म्हणून हे पत्र.

मी मुंबई महापालिकेच्या जलखात्यात चावीवाला होतो. तरुण वाचकांना ही नोकरी ठाऊक नसेल. रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडून, लांब चावी घालून व्हॉल्व्ह फिरवायचा आणि ठरल्या वेळी ठरल्या गल्लीत पाणी सोडायचं, हे आमचं काम. उभी हयात पाणी कुठून येतं आणि कुठे पळतं हेच बघण्यात गेली. डोंगरात गेलो तरी बाकीचे फोटो काढतात आणि माझी नजर पायाखालच्या ओघळीवर असते. आमच्या टोळक्यात बेस्टचा एक कंडक्टर आहे, पोस्टातला एक आहे, सगळे निवृत्त. ते मला यावरून चिडवतात, पण वाट चुकली की विचारतात मलाच.

आम्ही जातो ते आठवड्याच्या मधल्या वारी, ठाण्याला पहाटेची कर्जत लोकल पकडून. भिवपुरी रोडला उतरलं की पाली भुतिवली धरणाच्या बाजूने, सागाची वाडी करत गार्बेटच्या पठारावर चढता येतं. पनवेलकडून आलात तर धोदाणीहून थेट सनसेट पॉइंटवर निघणारी वाट आहे. चौकच्या अंगाला आंबेवाडीतून वर सरकत कड्याच्या घळीतून वन ट्री हिलला जाता येतं, तीच शिवाजी शिडी. नेरळच्या बाजूने पेबचा किल्ला करून लोखंडी शिड्यांनी वर आलं की कड्यावरच्या गणपतीपाशी रुळांवर पोचतो. प्रत्येक वाटेचा स्वभाव निराळा. गार्बेटची वाट मोकळी, उन्हाची, धोदाणीची झाडीतली. शिडीची अंगावर येणारी आहे, तिथे गप्पा आपोआप बंद पडतात.

माथेरानचा शोध १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी लावला असं सगळीकडे लिहिलेलं असतं. चौकला त्यांचा मुक्काम होता आणि तिथून ते वर चढले. आता साहेब चढले म्हणजे चढण्याजोगी जागा होती, आणि ती कोणाच्या तरी पायांनी झालेली होती. आदमजी पीरभॉय यांची रेल्वे १९०७ साली आली. मधली ५७ वर्षं जो कोणी माथेरानला गेला तो पायी, घोड्यावरून किंवा पालखीतूनच गेला असणार. म्हणजे या वाटा गावाहून जुन्या. त्या ट्रेकर लोकांनी पाडलेल्या नाहीत. आजही डोंगराच्या अंगावरच्या वाड्यांमधून ठाकूर आणि कातकरी माणसं कामाला वर जातात. हंगामात बाया करवंदं, जांभळं, रानभाज्यांच्या पाट्या डोक्यावर घेऊन चढतात. आम्ही चांगले बूट घालून धापा टाकत बसलेलो असतो आणि एखादी मावशी चपला हातात घेऊन बाजूने निघून जाते. चपला हातात का, तर वाटेवरचा खडा सुटा झालाय, चपलेखाली तो फिरतो आणि डोक्यावर ओझं असताना पाय सरकून चालत नाही.

तो खडा सुटा का होतो, हे मला सांगायचं आहे. माथेरानचा माथा जांभ्याचा आणि वरची माती लाल, भुसभुशीत. पायवाट वापरात राहिली की हळूहळू आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली जाते. एकदा ती वीतभर खाली गेली की पावसाचं पाणी उतारावर पसरायचं सोडून त्याच वाटेने धावू लागतं. मग माती जाते, खडे उघडे पडतात, जांभळाची आणि अंजनाची मुळं वर येतात. माणसं खाचखळग्यातून चालायचं टाळतात आणि कडेने दुसरी वाट पाडतात. पुढच्या वर्षी तीही खाली जाते. अशा तीन-तीन वाटा शेजारी शेजारी मी पाहिल्या आहेत, मधे झाडाची मुळं लटकलेली. माथ्यावरच्या रस्त्यांवर घोड्यांच्या टापांनी हेच अधिक वेगाने होतं.

यावर इलाज स्वस्त आहे. वाटेला तिरका छेद देणारी जांभ्याच्या दगडांची ओळ अर्धीअधिक जमिनीत गाडून बसवायची, तिच्या वरच्या अंगाला चर ठेवायचा आणि पाणी दरीकडच्या बाजूला झाडीत सोडून द्यायचं. चढ जितका उभा तितक्या या ओळी जवळजवळ. पाण्याला एका जागी जमू द्यायचं नाही आणि वेग घेऊ द्यायचा नाही, एवढंच सूत्र. सिमेंट नको. सिमेंटच्या पायऱ्या केल्या की पाणी त्यांच्या कडेने खाली शिरतं, पोकळी करतं आणि दोन-चार पावसाळ्यांत पायरी अधांतरी राहते. दस्तुरीहून गावात येणाऱ्या मुख्य रस्त्याला पेव्हर ब्लॉक लावावेत की नाही यावर कोर्टापर्यंत भांडण झालं. त्या रस्त्याचं जे ठरलं ते ठरलं. मात्र उद्या कोणाच्या डोक्यात ते ब्लॉक पायवाटांवर टाकायची कल्पना येऊ नये. शिवाजी शिडीची गोष्ट जरा वेगळी, कारण तिथे घळ हीच पाण्याची जागा आहे, पाणी वळवणार कुठे? तिथे हलणारे दगड पाचरी मारून घट्ट बसवणं एवढंच हातात आहे.

हे काम करायला कंत्राटदार लागत नाही. भाताच्या खाचरात बांध कुठे फोडायचा आणि सांडवा कुठे ठेवायचा हे वाड्यांवरच्या माणसांना कोणी शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात त्यांच्या हाताला काम नसतं, आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणारं राज्य आपलंच. एप्रिल-मे महिन्यात चर काढायचे, आणि पहिला मोठा पाऊस झाल्यावर एक फेरी मारून ते मोकळे करायचे. ही दुसरी फेरीच महत्त्वाची. शहरात आमचा अनुभव असा की गटार बांधायला पैसे मिळतात, साफ करायला मिळत नाहीत. डोंगरातला चर तर एका वेफरच्या पाकिटाने आणि चार पानांनी तुंबतो.

ते पाकीट कोण टाकतं हे आपण जाणतोच. पावसाळ्यातल्या रविवारी भिवपुरीला उतरणारा लोंढा मी पाहिला आहे. त्यातला निम्मा मुंबईचाच असतो, माझ्या भांडुपचाही असतो. गटागटाने वाट सोडून आडव्यातिडव्या उतारावरून घसरत उतरायचं, त्याचं रील करायचं, आणि धुक्यात अडकलं की माथेरानच्या पोरांनी दोर घेऊन शोधायला जायचं. मुलं डोंगरात येतात याचा मला राग नाही, मॉलपेक्षा बरं. पण वर पॉइंटांच्या पाट्या आहेत तशा खाली उतरणाऱ्या वाटांच्या तोंडाशी साध्या मराठीत पाट्या हव्यात. कुठली वाडी, किती अंतर, पावसाळ्यात किती वेळ धरावा, आणि ही वाट पावसात बंद आहे की चालू. एवढं लिहिलं तरी पुष्कळ फरक पडेल.

पाण्याकडे दुर्लक्ष केल्यावर काय होतं हे आपण एकदा बघितलं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला ते मुंबईला पाठ आहे. त्याच पावसात नेरळ-माथेरानची लाईनही उखडली आणि पुन्हा गाडी धावायला २००७ उजाडलं. २०१९ मध्ये ती परत बंद पडली ती नेरळपासून वरपर्यंत सुरू झाली २०२२ च्या ऑक्टोबरात. (वॉटर पाईप नावाचं स्टेशन असलेली रेल्वे पाण्यानेच बंद पडावी, हे आमच्या खात्यातल्या कोणालाही आवडलं नसतं.) रेल्वे बंद पडली की बातमी होते, पर्यटक हळहळतात, निधी येतो. वाडीची वाट गेली तर फक्त मावशीचा चढ अर्ध्या तासाने वाढतो.

हा सगळा परिसर केंद्र सरकारने फेब्रुवारी २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. त्यामुळे दगड हलवायचा तरी परवानगी लागेल, आणि लागावीही. पण वाट माथ्यावर एकाच्या हद्दीत आणि उतारावर दुसऱ्याच्या, मग ती नक्की कोणाची हा प्रश्न उरतो. संबंधितांनी एकत्र बसून निदान एक वाट निवडावी. माझ्या मते धोदाणीची, कारण ती झाडीतली आहे आणि तिथली माती अजून वाचवता येईल. तिच्यावर येत्या पावसाळ्याआधी हे करून बघावं. चार महिन्यांनी चर तसेच राहिले आहेत की भरून गेले आहेत हे बघायला आम्ही येऊ. श्रमदान करायलाही आमचं टोळकं तयार आहे. फावडी-घमेली आमची आम्ही आणू. परवानगीचा अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा, तेवढं आपल्या पेपराच्या निमित्ताने कोणी कळवलं तर बरं होईल.

आपला,
एक निवृत्त चावीवाला
भांडुप (पश्चिम), मुंबई