तक्रार कर, पण बिल थकवू नकोस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. मागवलेला मॉनिटर आला नाही, विक्रेता उत्तर देत नाही, म्हणून तू कार्डावर चार्जबॅक टाकणार आहेस, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागणार आहेस. इथवर माझी काही हरकत नाही. पण त्याखाली तू लिहिलंयस, 'या महिन्याचं बिलच भरत नाही, निकाल लागला की बघू.' तेवढं करू नकोस. गृहकर्जाचा अर्ज तोंडावर आलाय तुझा. बँकेच्या कार्ड विभागात मी सारी नोकरी काढली. नुसत्या चार्जबॅकने क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज देताना बघतात तो पतीचा आकडा, बिघडलेला माणूस मी पाहिला नाही. चार्जबॅकच्या भरवशावर बिल थकवून हात पोळून घेतलेले मात्र पुष्कळ पाहिले.

आधी पैसा कुठून कुठे जातो ते बघ. तू कार्ड वापरलंस तेव्हा तुझ्या बँकेने विक्रेत्याच्या बँकेला पैसे दिले, मध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्डचं जाळं, म्हणजे नेटवर्क. तू तक्रार केलीस आणि ती बँकेला पटली, की तीच रक्कम त्याच वाटेने उलटी ओढली जाते. विक्रेत्याच्या बँकेतून ती वळती होते आणि ती बँक विक्रेत्याच्या खात्यातून कापून घेते, वर दंडवजा फी लावते. विक्रेत्याला उत्तर द्यायला साधारण महिना-दीड महिना मिळतो. डिलिव्हरीची पोच, तुझे ईमेल, जे असेल ते तो लावतो. त्यावर बँकांचं एकमत झालं नाही, तर प्रकरण शेवटी नेटवर्कपुढे लवादाला जातं. तिथे हरणाऱ्याच्या माथी चांगलीच फी बसते, म्हणून बहुतेक प्रकरणं त्याआधीच मिटतात.

या सगळ्यात तुझा क्रेडिट स्कोअर कुठेच येत नाही. बँक दर महिन्याला क्रेडिट ब्युरोला, म्हणजे सगळ्यांच्या उधारीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, कळवते ते एवढंच: लिमिट किती, बाकी किती, हप्ता वेळेवर आला की नाही, नसेल तर किती दिवस उशीर. 'याने चार्जबॅक टाकला' असा रकाना त्यात नसतो. फार तर खात्यापुढे वाद चालू असल्याचा शेरा पडतो, आणि तो शेरा म्हणजे थकबाकी नव्हे.

स्कोअर बिघडतो तो आजूबाजूच्या गोष्टींनी. अमेरिकेत चालणाऱ्या फायको स्कोअरचं गणित घे: ३५ टक्के वजन वेळेवर परतफेडीला, ३० टक्के किती उधारी डोक्यावर आहे त्याला. इतर स्कोअरांची सूत्रं वेगळी असतील, पण परतफेडीला सगळीकडेच मान पहिला. आता तू संपूर्ण बिल अडवून धरलंस तर काय होईल? मॉनिटरबद्दलचा तुझा वाद खरा, पण त्याच बिलात वीज, किराणा, प्रवास असं बाकीचंही आहे ना? त्याबद्दल तुझी काही तक्रार नाही. तरी सगळंच थकीत म्हणून नोंदलं जाईल. पुढे चार्जबॅक तू जिंकलास तरी ही नोंद आपोआप पुसली जात नाही. अमेरिकेत असा उशीर अहवालात ७ वर्षं दिसतो, ब्रिटनमध्ये ६.

'वादातली रक्कम भरावी लागत नाही' असं तू कुठेतरी वाचलंयस, ते अर्धसत्य आहे. अमेरिकेत १९७४ सालच्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टने ग्राहकाला हा हक्क दिला: चौकशी चालू असेपर्यंत वादातली तेवढीच रक्कम रोखून धरायची, आणि बँकेने तिला थकबाकी म्हणून कळवायचं नाही. पण तिथेही अटी आहेत. चूक दाखवणारं स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार हवी आणि बाकीचं बिल वेळेवर भरलेलं हवं. मग बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची आणि जास्तीत जास्त ९० दिवसांत प्रकरण संपवायचं. सगळ्या देशांत असं संरक्षण नाही. म्हणून बँकेकडून लेखी उत्तर घे, की वादातली रक्कम या बिलातून वगळली आहे का. 'हो' असं लेखी आलं, तर तेवढी सोडून उरलेली सगळी भर. उत्तर आलं नाही किंवा गोलमोल आलं, तर आत्ता पूर्ण भर, जिंकलास की परत मिळेल. नुसतं मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर छापलेली किमान रक्कम, भरूनही उशिराची नोंद टळते, पण उरलेल्यावर व्याज चढत राहतं.

बऱ्याच बँका तक्रार घेतल्याबरोबर ती रक्कम खात्यावर तात्पुरती जमा करतात. स्टेटमेंटवर ती बघून माणूस खूश होतो आणि लिमिट मोकळं झालं म्हणून नवीन खरेदी करतो. दोन महिन्यांनी विक्रेत्याने पुरावा दिला की तीच ओळ उलटी छापून येते, काही बँका मधल्या काळाचं व्याजही लावतात. बाकी एकदम फुगते, ऑटो-डेबिटला खात्यात पैसे नसतात, आणि उशिराची नोंद होते ती तेव्हा. निकाल लेखी येईपर्यंत ते पैसे तुझे नाहीत असंच धर.

उलट बाजूही बघ. तात्पुरता क्रेडिट मिळालाच नाही तर मॉनिटरची रक्कम तुझ्या बाकीत बसून राहते. लिमिटच्या मानाने बाकी जास्त दिसली की स्कोअर थोडा खाली येतो. बाकी कमी झाली की तो सावरतो, पण कर्जाचा अर्ज नेमका त्याच महिन्यात गेला तर वाईट दिसेल. ब्युरोकडे बहुतेक वेळा स्टेटमेंटच्या तारखेची बाकी जाते. तेव्हा त्या तारखेच्या आधीच थोडी रक्कम भरून टाक.

तक्रारीचं कारण निवडताना मात्र खरं तेच लिही. फॉर्मवर 'हा व्यवहार मी केलेला नाही' हा पर्याय सगळ्यात वर असतो, आणि घाईत लोक त्यावरच टिक करतात. तुझं प्रकरण 'माल मिळाला नाही' हे आहे. पहिला पर्याय धरलास तर बँक ती फसवणूक समजते, कार्ड बंद करते, नवीन नंबर देते. जुन्या नंबरवर लावलेले ऑटो-पे त्या दिवशी बंद पडू शकतात. मग फोनचं बिल चुकतं, विम्याचा हप्ता चुकतो, आणि हे तुला कळतं दंड लागल्यावर. शिवाय खोटं टिकतही नाही. एप्रिल २०२३ पासून व्हिसाच्या नियमाप्रमाणे विक्रेता तुझे दोन जुने, वाद नसलेले व्यवहार दाखवू शकतो. त्यातला आयपी पत्ता किंवा डिव्हाइस, आणि सोबत लॉगिन किंवा डिलिव्हरीचा पत्ता यातलं काही, ताज्या व्यवहाराशी जुळलं की फसवणुकीचा दावा तिथेच बारगळतो.

मुदतीचंही ध्यानात ठेव. माल आला नाही अशा तक्रारीला नेटवर्कचे १२० दिवस बहुधा माल यायचा होता त्या तारखेपासून मोजतात. बँकेची स्वतःची मुदत याहून कमी असू शकते, तेव्हा वाट बघत बसू नकोस. त्याआधी विक्रेत्याला एक शेवटचा ईमेल टाक: ऑर्डर नंबर, कबूल केलेली तारीख, 'अमुक दिवसापर्यंत रिफंड द्या' एवढंच. रागाचं काही नको. तो ईमेल हाच तुझा पहिला पुरावा. आणि विक्रेत्याने मध्येच रिफंड दिलाच तर त्याच दिवशी बँकेला कळव. दोन्हीकडून पैसे आले तर एका बाजूचे परत जाणारच, आणि तुझ्यावर संशय येईल तो वेगळा.

एक गोष्ट लोकांना सांगितली तर पटत नाही. चार्जबॅक जिंकलं म्हणजे देणं संपलं असं नाही. बँकांमधला तो हिशेब आहे. माल घेऊनही चार्जबॅक टाकणारे असतात, आणि विक्रेता त्या पैशांचं प्रकरण वसुली एजन्सीकडे देऊ शकतो, कोर्टातही जाऊ शकतो. वसुलीची नोंद अहवालात आली तर ती स्कोअर पाडते. तुला मालच मिळालेला नाही, त्यामुळे तुला ही भीती नाही. पण तुझा मित्र ते वापरलेलं सबस्क्रिप्शन 'परत मिळवून' दाखवतोय ना, त्याला एवढा परिच्छेद वाचून दाखव.

आता कामाचं. बँकेला लिहायच्या तक्रारीचा मसुदा मला रात्री पाठव, सोबत ऑर्डरचा ईमेल आणि स्टेटमेंटवरच्या त्या ओळीचा फोटो. तिथे विक्रेत्याचं नाव वेबसाइटवरच्यापेक्षा वेगळं छापलेलं असू शकतं, आणि तक्रारीत स्टेटमेंटवरचंच नाव लागतं. ड्यू डेट शुक्रवारी आहे असं तू म्हणालास, म्हणजे बिल गुरुवारपर्यंत जाऊ दे.

तुझी,
आई