तिसऱ्या डॉक्टरचे मत म्हणजे मतमोजणी नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला लेख दोनदा वाचला. पुन्हा तपासणी करायची की नाही यावर डॉक्टरांचे जमत नसेल तर तिसऱ्याकडे जा आणि बहुमत पाहा, असे लेखकाने दोन ओळींत सांगून टाकले आहे. आम्ही गेल्या वर्षी नेमके हेच केले, म्हणून गप्प बसवत नाही.

ह्यांचा खोकला जाईना म्हणून सीटी स्कॅन काढला. खोकल्याचे कारण सापडले नाही, पण उजव्या फुप्फुसात ५ मिलीमीटरची गाठ दिसली. पहिले डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन. दुसरे म्हणाले, गरज नाही, विसरून जा. तिसऱ्यांनी वर्षाने बघू म्हटले. यात बहुमत कोणते धरायचे?

पहिल्यांचा कागद आम्ही दुसऱ्यांना दाखवलाच नव्हता. त्यांना राग येईल, आपल्यावर विश्वास नाही असे वाटेल, म्हणून पिशवीतच ठेवला. घरोघरी असेच होत असणार. ‘विसरून जा’ हे ऐकून बरे वाटायला हवे होते, पण तीन महिने सांगणाऱ्यांना असे काय दिसले होते, हा प्रश्न मनातून जाईना. हे रात्र रात्र जागे असायचे.

उलगडा तिसऱ्यांकडे झाला, कारण त्यांनी मत देण्याआधी विचारले, ‘सिगारेट ओढत होता का?’ ह्यांनी बावीस वर्षे ओढली, सोडून दहा वर्षे झाली. आधीच्या दोघांनी हे विचारले नव्हते आणि सुटली ती सुटली म्हणून आम्हीही बोललो नव्हतो. मग डॉक्टरांनी फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या तपासण्यांमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेचे २०१७ चे नियम समजावले. गाठ एकच, भरीव आणि ६ मिलीमीटरपेक्षा लहान असेल आणि माणसाला कर्करोगाचा धोका कमी असेल, तर पुन्हा स्कॅन लागत नाही. धोका जास्त असेल, जसा सिगारेट ओढलेल्यांना असतो, तर बारा महिन्यांनी एक, तोही ऐच्छिक, कारण एवढ्या लहान गाठीत कर्करोगाची शक्यता तेव्हाही १ टक्क्याहून कमी असते. २००५ च्या नियमांत ही मर्यादा ४ मिलीमीटर होती. तीन महिन्यांत काही कळण्याची आशा मात्र कमीच, कारण २ मिलीमीटरच्या आतला फरक मोजणीच्या चुकीतही येऊ शकतो. (आधी कर्करोग होऊन गेलेल्यांना किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना हे नियम लागू नाहीत, हे आपल्या वाचकांसाठी मुद्दाम लिहिते.)

म्हणजे दुसरे डॉक्टर चुकले नव्हते. त्यांनी सिगारेट न ओढणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता. हे बहुमताने कधीच कळले नसते. कोणत्या नियमाने सांगता, माझ्याविषयी काय गृहीत धरलेत, थांबलो तर काय बिघडेल आणि स्कॅनमध्ये काही निघाले तर पुढे काय करणार, हे प्रत्येकाला विचारायला हवे. आणि आधीच्या डॉक्टरांचा कागद समोर ठेवायला हवा, राग आला तरी. लेखात यातले एक अक्षर नाही. कृपया दुरुस्ती छापावी.

आणखी एक. भरीव गाठ दोन वर्षे होती तशीच राहिली तर बहुतेक वेळा काळजी मिटते. ह्यांचा सहा वर्षांपूर्वीचा एक स्कॅन होता. चौकशी केली तर कळले की प्रतिमा संगणकातून काढून टाकल्या आहेत. हाती उरला तो एक टाइप केलेला अहवाल, त्यात गाठ होती की नव्हती याचा उल्लेखच नाही. त्या प्रतिमा असत्या तर कदाचित त्याच दिवशी निकाल लागला असता. रुग्णाच्या हाती प्रतिमा का देत नाहीत, यावर पुरवणीने कधी लिहिल्याचे मला आठवत नाही.

आम्ही वर्षाने स्कॅन करायचे ठरवले. पुढच्या महिन्यात तो आहे, कमी किरणोत्सर्गाचा. या वेळी सीडी मागून घेणार आहे आणि ती माझ्या कपाटात राहील.

आपली नियमित वाचक