पिशवी मुलाची, ठसाही मुलाचाच असावा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकाच्या स्थानिक पानावर एका शाळेतील कापडी पिशव्यांच्या स्पर्धेचे छायाचित्र आले होते. ओळीने उभी राहिलेली मुले आणि प्रत्येकाच्या हातात फुलापानांनी छापलेली पिशवी, हे पाहून ज्यांना बरे वाटले त्यांत मीही होते. परंतु सव्वीस वर्षे शिवणवर्ग चालवल्यामुळे डोळ्यांना अशी खोड लागली आहे की, मी मुलांच्या चेहऱ्यांआधी शिलाई पाहिली. सात-आठ वर्षांच्या मुलांच्या हातांतील त्या पिशव्यांची टीप आखल्यासारखी सरळ होती, पानांच्या कडा रेखीव होत्या आणि एकाही ठशाभोवती रंगलेले बोट पुसल्याचा डाग नव्हता. त्या पिशव्या कोणी केल्या असतील, हे ओळखायला शिवणकाम यावेच लागते असे नाही.

माझ्या नातवाच्या शाळेत गेल्या वर्षी असाच उपक्रम झाला. त्याने भेंडीचे ठसे मारलेली पिशवी नेली होती आणि ती ‘नीटनेटकेपणा’ या रकान्यात कमी गुण घेऊन परत आली. पहिला क्रमांक मिळालेली पिशवी विकतच्या लाकडी ठशांनी छापलेली होती, आणि त्या मुलीच्या आईने ‘रात्री दीड वाजेपर्यंत बसले होते’ असे मला मोकळेपणाने सांगितले. त्या माउलीला मी दोष देत नाही. गुण नीटनेटकेपणाला असतील तर रात्री आईच जागणार. माझे म्हणणे एवढेच आहे की घरी केलेल्या पिशवीत कामाची वाटणी स्पष्ट असावी: कापड घरातले जुने, शिलाई मोठ्यांची आणि छपाई मात्र संपूर्णपणे मुलाची, मग ती कशीही उतरो.

आधी कापडाविषयी लिहिते. इचलकरंजीत राहणाऱ्या बाईने नवे कापड घेऊ नका म्हणावे, हे चमत्कारिक वाटेल. १९०४ साली येथे पहिला यंत्रमाग आला तेव्हापासून या गावाचे पोट कापडावरच भरत आले आहे आणि मांजरपाट, म्हणजे कोरे जाडसर सुती कापड, येथे जितक्या सहज मिळतो तितका क्वचितच कुठे मिळत असेल. परंतु ‘कापडी पिशवी म्हणजे पर्यावरणाचे रक्षण’ हे समीकरण वाटते तितके सोपे नाही. कापूस पिकवायला पाणी आणि खत लागते, सूत काढायला व विणायला वीज लागते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे, केवळ तापमानवाढीचा विचार केला तरी, सुती पिशवी १३१ वेळा वापरली तेव्हा कुठे ती एकदा वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. आणि डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात सर्व प्रकारचे परिणाम एकत्र धरल्यावर हा आकडा ७,१०० वर गेला होता. म्हणून कपाटात दहा कोऱ्या कापडी पिशव्या साठवणाऱ्या घराने स्वतःला फार शाबासकी देऊ नये. मुलाच्या डब्याची पिशवी मात्र येथे उजवी ठरते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरायची असते. म्हणजे रोज डबा नेणारी पिशवी एकाच वर्षात १३१ चा आकडा सहज ओलांडते. आणि ती आजोबांच्या विरलेल्या धोतराची किंवा मध्येच फाटलेल्या चादरीच्या धड कडांची असेल, तर कापसाचा बराचसा हिशेब आधीच चुकता झालेला असतो. आमच्या भागात जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवणाऱ्या बायकांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

येथे आणखी एक खुलासा आवश्यक आहे. राज्यात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाल्यानंतर दुकानांत रंगीबेरंगी, हलक्या आणि ‘कापडी’ म्हणून दिल्या जाणाऱ्या पिशव्यांचा सुळसुळाट झाला. वाढदिवसांना त्यांवर कार्टून छापून मुलांना वाटतात त्या बहुतेक याच. नीट पाहिले तर त्यांत ताणाबाणा नसतो, बारीक ठिपक्यांचा दाब तेवढा दिसतो. कारण ते विणलेले कापड नसून पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचे तंतू उष्णतेने चिकटवून केलेले पत्रे असतात. शंका असल्यास मोठ्या माणसाने, मुलांना दूर ठेवून, त्याचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा: सुती कापड कागदासारखा वास देत जळते आणि मऊ राख होते, हा तुकडा मात्र आक्रसून वितळतो आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. ‘घरून कापडी पिशवी आणा’ असे सांगणाऱ्या शाळांनी निदान एवढा भेद पालकांना सांगावा.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी, कारण अशा पत्रांत मत पुष्कळ असते आणि माप नसते. डब्याच्या पिशवीसाठी १३ इंच रुंद व २८ इंच लांब कापड पुरते. नवे मांजरपाट घ्यावेच लागले तर ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, खळ पूर्ण जाईपर्यंत धुवून वाळवावे. खळीवर रंग बसत नाही, आणि न धुता शिवलेली पिशवी पहिल्या धुण्यात आटते. कापड मधोमध दुमडून दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचावर दुहेरी टीप मारावी, तोंडाशी दीड इंच आत घेऊन दुमड घालावी आणि तळाचे दोन कोपरे त्रिकोणी धरून चार-चार इंचांची आडवी टीप मारावी. सुमारे आठ इंच रुंद, साडेदहा इंच उंच आणि चार इंच तळ असलेली पिशवी तयार होते. गोल डबा तीत आडवा होत नाही. बंदांसाठी तीन इंच रुंद व चौदा इंच लांब अशा दोन पट्ट्या चौपदरी दुमडून शिवाव्यात आणि जोडताना चौकोन करून त्यात फुली मारावी, कारण पिशवी फाटते ती नेहमी बंदाशी.

छपाई मात्र शिवण्यापूर्वी, कापड सपाट असतानाच करायची असते, आणि येथे मी स्वतः फसले आहे. नातवाने सबंध कापडावर एकाच दिशेने मासे छापले. तळाशी जोड नसून दुमड आहे, हे मला शिवताना आठवले, आणि पिशवी उलटी करून पाहते तो मागच्या बाजूचे सारे मासे पोट वर करून पोहत होते. मी वाईट वाटून घेत होते आणि तो मात्र वर्गात ती मागची बाजूच सर्वांना दाखवत होता. तेव्हा कापडाच्या मध्यावर खडूची रेघ मारून तिच्या पलीकडे चित्र उलट्या दिशेने छापावे, आणि दोन्ही टोकांपासून तीन इंच व त्या मधल्या रेघेपासून दोन्हीकडे तीन-तीन इंच जागा मोकळी ठेवावी. हे माप मोठ्यांनी आखून द्यावे. त्यापुढे हात मागे घ्यावा.

ठशांसाठी लाकडी साचे विकत आणण्याची गरज नाही. भेंडी आडवी कापली की पाकळ्यांचे आयते फूल मिळते; फक्त तिचा चिकट रस फडक्याने टिपून पाच-दहा मिनिटे वाऱ्यावर ठेवावी, नाहीतर रंग घसरतो. बटाटा अर्धा कापून त्यावर मोठ्यांनी आकार कोरून द्यावा, आणि अक्षर कोरायचे असेल तर ते आरशात दिसते तसे उलटे कोरावे. कापडाखाली घोंगडीची किंवा जुन्या वर्तमानपत्रांची जाड घडी घालावी. कडक टेबलावर ठशाच्या कडाच तेवढ्या उठतात आणि मधला भाग कोरडा राहतो. रंग ठशावर ओतू नये, बशीत भिजवलेल्या स्पंजवर ठसा दाबून उचलावा, आणि रंगाचा दाटपणा श्रीखंडासारखाही नको व ताकासारखाही नको, बासुंदीसारखा असावा. पहिले दहा ठसे रद्दी कागदावर मारू द्यावेत. अकराव्या ठशाला मुलाच्या हाताला दाब कळतो, असा माझा अनुभव आहे; ज्याला तोवर कळत नाही त्याला विसाव्याला कळतो.

रंगाच्या बाबतीत पालक दोन चुका करतात. शाळेच्या चित्रकलेचे पोस्टर रंग वापरले तर ते पहिल्याच धुण्यात वाहून जातात आणि डब्याच्या पोळीलाही लागतात. दुसरी चूक म्हणजे ‘नैसर्गिक’ म्हणून हळद वापरणे. हळद सुताला पटकन धरते हे खरे, परंतु उन्हात उडते आणि साबण लागला की लाल होते. आपले कुंकू हळदीच्या याच गुणावर बनत आले आहे. राजस्थानातील बगरूचे किंवा कच्छमधील अजरख या ठसेछपाईचे कारागीर कापडाला आधी हिरड्याचे पाणी देतात आणि गंजके लोखंड व गूळ आंबवून काळा रंग करतात, तेव्हा कुठे तो टिकतो. ते एका सुट्टीच्या दिवसाचे काम नव्हे. म्हणून घरी बाजारातील कापडावरचे पाण्यात मिसळणारे रंगच वापरावेत, बाटलीवरच्या सूचना वाचाव्यात, छपाई एक दिवस सावलीत वाळू द्यावी, मग उलट बाजूने, पातळ फडके ठेवून, वाफ न सोडता चार-पाच मिनिटे इस्त्री फिरवावी आणि पुढचे दोन-तीन दिवस पिशवी पाण्यात घालू नये. हे रंग ॲक्रिलिकचे, म्हणजे एका अर्थी प्लास्टिकचेच असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. यासाठी ते थोडेच घ्यावेत, आणि बशी व स्पंज नळाखाली धरण्यापूर्वी उरलेला रंग वर्तमानपत्राने पुसून काढावा. कारखान्यांच्या रंगीत सांडपाण्याने पंचगंगेचे काय झाले ते आम्ही इचलकरंजीकर वर्षानुवर्षे पाहत आहोत. बशीभर रंगाने नदी बिघडत नाही हे मलाही कळते, पण पाणी कुठे जाते हा प्रश्न मुलाला त्या बशीपाशीच पडू शकतो.

लहान मुलांच्या पिशवीला तोंडाशी लांब नाडी घालू नये आणि गळ्यात अडकवण्याजोगा मोठा बंदही ठेवू नये. तीन वर्षांच्या आतील मुलासाठी असेल तर मणी, टिकल्या व बटणे अजिबात लावू नयेत.

शाळांना माझी विनंती आहे की हे काम घरी पाठवूच नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्यांना सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांकडून काही शिकू द्यावे, असे म्हटले आहे. त्यांतला एक दिवस छपाईला द्यावा, आणि धाकट्या वर्गांना कार्यानुभवाच्या दोन जोड तासिकांत हे सहज करता येईल. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगाभोवती शिक्षण उभारण्याचा विचार मांडला गेला, तो याच महाराष्ट्राच्या भूमीवर; त्याच्या मानाने एका दुपारची भेंडी आणि बटाटा ही फार मोठी मागणी नाही. वर्गात सर्वांसमोर छापलेल्या पिशवीवर आईचा हात फिरत नाही, पसरलेला ठसा शेजारच्याचाही पसरलेला दिसतो आणि स्पर्धा ठेवण्याचे कारणच उरत नाही. क्रमांक द्यायचाच असेल तर तो वर्षअखेरीस द्यावा, जून महिन्यातली पिशवी मार्चमध्ये अजून वापरात असलेल्या मुलांना. मग त्या पिशवीवरच्या आमटीच्या डागांचे गुण कापू नयेत.

शिवणवर्ग बंद केला असला तरी माझ्याकडे दोन यंत्रे चालू स्थितीत आहेत. आमच्या गावातील कोणत्याही शाळेने मुलांनी छापून, वाळवून, इस्त्री केलेले तुकडे आणून दिल्यास शनिवारी दुपारी ते शिवून देण्याची माझी तयारी आहे. त्याचे पैसे नकोत. तुकड्याच्या कोपऱ्यात मुलाचे नाव पेन्सिलीने लिहिलेले असावे, म्हणजे मासे ज्याचे त्याला परत जातील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिवणशिक्षिका,
इचलकरंजी