फॉर्मवर न विचारलेलं इंजेक्शन

मा. संपादक, स. न. वि. वि.

कॉलेज रोड, गंगापूर रोडवर ‘एका दिवसात पक्के दात’ अशा पाट्या चहाच्या टपऱ्यांइतक्या झाल्या आहेत. इम्प्लांटला, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेल्या दातांना, विरोध नाही, बहुतेकांचे ते नीट बसतातच. ज्यांचे बिघडते त्यांच्याविषयी मात्र कुठेच काही लिहिलेले नसते.

आमच्या वहिनी सत्तरीच्या, मधुमेही. खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवताना फॉर्मवरच्या ‘सध्या चालू औषधे’ या रकान्यात त्यांनी शुगर आणि बीपीच्या गोळ्या लिहिल्या. ठिसूळ हाडांसाठी सलाईनमधून घेतलेले झोलेड्रोनिक अ‍ॅसिड राहून गेले. वर्षातून एकदा घ्यायचे औषध कुणाला ‘चालू’ वाटेल? हे औषध हाडात वर्षानुवर्षे मुरून राहते आणि हाडाची झीज थांबवताना त्याची भरून येण्याची ताकदही मंदावते. ठिसूळ हाडांसाठी दिलेल्या डोसात जबड्याचे हाड मरण्याचा धोका कमी, कॅन्सरसाठीच्या डोसात बराच जास्त. त्यात शुगर चढलेली असली की जंतूंचे फावते. या औषधांचा जबड्यावरचा परिणाम २००३ पासून डॉक्टरांना ठाऊक आहे.

काही आठवड्यांनी ठणका वाढला, हिरडीतून पू येऊ लागला, खालचा ओठ बधिर झाला. चहा हनुवटीवर ओघळला तरी त्यांना कळत नव्हते. दवाखान्यात ऐकायला मिळाले, ‘भुलेचा परिणाम असेल.’ अहो, भूल काही तासांत उतरते! एक्स-रे स्वच्छ आला, पण हाडातले बरेच कॅल्शियम गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर काही दिसतच नाही. अखेर दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करून जबड्याच्या हाडाला जंतुसंसर्ग होऊन ते मेल्याचे निदान केले. इम्प्लांट काढले, मेलेले हाड खरवडले, कोणते जंतू आहेत हे कळावे म्हणून पू कल्चरला (तपासणीला) पाठवला आणि कित्येक आठवडे अँटिबायोटिक चालले.

म्हसरूळला राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, शहरात दंतवैद्यांची कमी नाही. सगळ्यांनी मिळून मराठीत एक साधा कागद काढावा. त्यात ‘हाडांसाठी किंवा कॅन्सरसाठी कधीही इंजेक्शन, गोळ्या घेतल्या होत्या का?’ हा प्रश्न स्पष्ट असावा. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट, तंबाखू-मिश्रीची सवय हेही विचारावे. (असे इंजेक्शन घेणाऱ्यांनी घाबरून ते परस्पर बंद करू नये, आधी डॉक्टरांशी बोलावे.) घरी जाताना पेशंटच्या हाती लेखी द्यावे की ओठ बधिर राहिला, पू किंवा ताप आला, सूज उतरण्याऐवजी वाढली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच यावे.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक